तुम्ही विचारलंत म्हणून: हुशार मुलीला पुढच्या इयत्तेचं शिकवावं का?

"बाई, पोरगी हुशार आहे. वर्गातलं सगळं तिला आधीच येतं. पुढच्या इयत्तेचं सुरू करू का?"

कराडला मी तीस वर्षं गणित शिकवलं. आता रविवारी सकाळी सातवी ते दहावीची दहा-बारा मुलं घरी येतात, आणि दर जूनमध्ये कुणीतरी पालक हाच प्रश्न विचारतात. माझं म्हणणं एवढंच, की घाई करू नका. आहे त्याच इयत्तेचं गणित द्या, पण चांगलं अवघड द्या.

दोन वर्षांपूर्वी सातवीतली एक मुलगी आली. क्लासमध्ये तिची दहावीची वर्गसमीकरणं झाली होती. सूत्रात किमती घालून उत्तर ती झटकन काढायची. "हे सूत्र आलं कुठून गं?" म्हणून विचारलं, तर गप्प झाली आणि वडिलांकडे बघायला लागली. मला वाईट वाटलं. तिला हे आजवर कुणी विचारलंच नव्हतं.

मग तिला पाठकोरा कागद दिला. म्हटलं, ९ म्हणजे ४ अधिक ५. १५ म्हणजे ४ अधिक ५ अधिक ६. अशी लागोपाठच्या संख्यांची बेरीज म्हणून कुठली संख्या लिहिता येते आणि कुठली येत नाही, ते शोध. चौथीतल्या मुलालाही कळेल असा प्रश्न. पहिल्या रविवारी तिने पन्नासपर्यंत सगळं करून पाहिलं. जाताना म्हणाली, "बाई, २, ४, ८, १६, ३२. दुपटीचेच येत नाहीत." का येत नाहीत, यावर पुढचे दोन रविवार गेले. खोडरबर झिजला, एकदा डोळ्यांत पाणीही आलं. तिसऱ्या रविवारी चप्पल काढता काढताच बोलायला लागली: पहिली आणि शेवटची संख्या यांची बेरीज, आणि बेरजेत एकूण किती संख्या घेतल्या, या दोन्हींतलं एक विषम असतंच. त्या दोघांचा गुणाकार म्हणजे उत्तराची दुप्पट. मग नुसत्या दोनांच्या गुणाकारातून झालेल्या संख्येत तो विषम अवयव येणार कुठून?

त्या वेळचा तिचा चेहरा मला अजून आठवतो.

गणित ऑलिंपियाडचंच बघा. आंतरराष्ट्रीय स्पर्धेत दोन दिवस पेपर असतो, रोज साडेचार तास आणि प्रश्न फक्त तीन. अभ्यासक्रमात कॅल्क्युलस नाही. संख्या सिद्धांत, भूमिती, बीजगणित, मोजणीचे प्रश्न. बरीचशी साधनं शाळेतलीच, कस मात्र विचारांचा. आपल्याकडे १९९६ साली ही स्पर्धा मुंबईत झाली होती. तिच्यासाठी देशातली निवड मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राकडून होते. आठवी-नववीत आयओक्यूएमचे, म्हणजे या निवडीच्या पहिल्या परीक्षेचे, जुने पेपर मुलांपुढे नुसते ठेवले तरी पुरे. मेडल मिळालंच पाहिजे असं काही नाही.

पुण्यात सोय आहे. ज्ञान प्रबोधिनीने १९६९ साली बुद्धिमान मुलांसाठी प्रशाला काढली, भास्कराचार्य प्रतिष्ठान ही गणिताची संस्थाही १९७६पासून आहे. तालुक्याच्या गावी काय? तिथे वर्गशिक्षकच. आणि इथे मला माझी चूक सांगायलाच हवी. एक मुलगा दहा मिनिटांत गणितं संपवायचा, मी त्याला त्याच प्रकारची अजून वीस द्यायचे. हुशारीची शिक्षाच ती. पुढे पुढे तो मुद्दाम सावकाश करायला लागला, आणि मला हे कळायला सहामाही उजाडली.

काही मुलांना खरंच पुढच्या इयत्तेचं लागतं, ते नाकारत नाही. कारण विचारलं की सांगतात, उदाहरण बदललं तरी अडत नाहीत, अशांना अडवू नये. पण ते मुलाकडे बघून ठरवा, शेजारच्याने कुठला क्लास लावला ते बघून नको.

ती मुलगी आता नववीत आहे. गेल्या रविवारी तो जुना कागद घेऊन आली. ४५ तिला पाच प्रकारे लिहिता आलेत, २२ अधिक २३पासून ते १ ते ९पर्यंत. सहावा प्रकार असेल का, विचारत होती. मी अजून सांगितलेलं नाही.