करवंटीचा घोडा

मे महिन्यात गावी असलो की आईच्या स्वयंपाकघरात रोज एक नारळ फुटतो, आणि खोबरं खवून झालं की दोन करवंट्या बंबाशेजारच्या टोपलीत जाऊन पडतात. यंदा त्यातल्या दोन मी पळवल्या. आदल्या रात्री लॅपटॉपवर जॉन फोर्डचा 1939 सालचा 'स्टेजकोच' हा प्रवासी घोडागाडीवरचा सिनेमा पाहिला होता, आणि टापा ऐकता ऐकता आठवलं होतं की त्या काळी रेडिओवाले आणि सिनेमावाले घोड्यांच्या टापांसाठी करवंट्या वापरत. पडद्याकडे पाहत पावलं वाजवायची, कपड्यांची सळसळ करायची, हे काम युनिव्हर्सल स्टुडिओतल्या जॅक फोलीने इतकं केलं की त्या कलेलाच पुढे फोली म्हणू लागले.

म्हटलं, बघू तर जमतं का. ओटीच्या फरशीवर वाजवल्या, पुतण्याला डोळे मिटायला सांगितलं. तो म्हणाला, "काका, कोणीतरी चपला घालून जिना उतरतंय." मग अंगणातल्या वाळूत वाजवल्या. नुसती फस्स. पण खरा घोडा वाळूत धावला तरी फारसं वेगळं काय ऐकू येणार? पडद्यावर मात्र तो रेताडातून जातो आणि टापा अशा वाजतात जणू खाली फरसबंदी आहे. आणि आपण ऐकून घेतो.

बोलपट आले तेव्हा घोड्यांची पंचाईतच झाली होती. कॅमेऱ्याची घरघर मायक्रोफोन टिपायचा, म्हणून कॅमेरा आणि कॅमेरामन दोघांना आवाजबंद खोलीत कोंडायचे. आता कोंडलेल्या कॅमेऱ्यासमोर घोडा धावून धावून धावणार किती? फॉक्स कंपनीने मग मायक्रोफोनच उघड्या माळावर नेला आणि 'इन ओल्ड ॲरिझोना' काढला. 1929 च्या सुरुवातीला तो सगळीकडे लागला, आणि लोकांना म्हणे गोळीबाराइतकंच तव्यावरच्या चुरचुरीचं कौतुक वाटलं. त्यात राउल वॉल्श दिग्दर्शकही होता आणि नायकही होणार होता. चित्रीकरणाच्या दिवसांत त्याच्या गाडीच्या काचेवर एक रानससा येऊन आदळला, काच फुटली आणि त्याचा उजवा डोळा गेला. त्या सिनेमातला सगळ्यात भयंकर स्टंट असा सशाच्या नावावर आहे, आणि तो पडद्यावर नाही.

'स्टेजकोच'मधल्या देखाव्याची गंमत निराळी. ॲरिझोना आणि युटाच्या सीमेवर, नावाहो लोकांच्या मुलखात मॉन्युमेंट व्हॅली आहे. सपाट माळ, आणि त्यातून सरळ वर उठलेले लाल दगडाचे कडे, सुळके. गाडी निघालीय न्यू मेक्सिकोतल्या लॉर्ड्सबर्गला, पण खिडकीबाहेर ते कडे काही हटत नाहीत. पुण्याहून साताऱ्याला निघालेल्या एसटीने दिवसभर सिंहगडालाच प्रदक्षिणा घालावी, तसं. गाडीवर हल्ला करणारे अपाचे जमातीचे, ते साकारायला नावाहो. आणि तो प्रसिद्ध पाठलाग? तो तर तिथला नाहीच. कॅलिफोर्नियातल्या एका वाळून गेलेल्या तळ्याच्या सपाट तळावर तो चित्रित झाला. एवढा भूगोल शाळेत चुकवला असता तर गुरुजींनी अंगठे धरायला लावले असते.

पण याच पाठलागात ते येतं, ज्यासाठी मी हा सिनेमा पुन्हा पुन्हा लावतो. एक अपाचे स्वतःच्या घोड्यावरून गाडीच्या सगळ्यात पुढच्या जोडीवर उडी घेतो. गोळी लागते. तो दोन घोड्यांच्या मधे घसरतो, खालच्या दांड्याला लोंबकळत फरफटत जातो, आणि हात सोडतो. मागच्या घोड्यांच्या टापा दोन्ही अंगांनी जातात, मग वरून अख्खी गाडी. हा याकिमा कनट, रोडिओतला, म्हणजे अमेरिकेतल्या घोडेस्वारीच्या खेळांतला, पट्टीचा घोडेस्वार. आणि थोड्याच वेळात सिनेमाचा नायक जॉन वेन धावत्या घोड्यांवरून उड्या मारत लगाम धरायला पुढे जातो, तोही कनटच! मारणारा तोच, मरणारा तोच. पोस्टरवर मात्र दुसरेच.

संध्याकाळी तेवढाच तुकडा आईला दाखवला. दिवेलागणीची वेळ म्हणून आवाज बंद ठेवला होता. टापा नाहीत, गोळ्या नाहीत, संगीत नाही. नुसती धूळ, पाय आणि चाकं. आवाज गेला तसं ते उलट जास्तच खरं वाटायला लागलं. आई पदर तोंडाशी धरून बघत होती.

"लागलं का रे त्याला?"

"नाही गं. नव्वद वर्षं जगला तो. ऑस्करवाल्यांनी मानाची बाहुलीसुद्धा दिली."

"आणि घोड्यांना?"

आता आली का पंचाईत! त्या काळी घोडा पडायला हवा असेल तर त्याच्या पुढच्या पायांना तार बांधत, आणि भरधाव असताना तार संपली की तो तोंडावर आपटे. त्याच वर्षीच्या 'जेसी जेम्स'मध्ये कड्यावरून पाण्यात पाडलेला घोडा मेला, फार आरडाओरडा झाला, तेव्हा कुठे प्राण्यांसाठी काम करणारी एक संस्था हॉलिवूडमध्ये लक्ष ठेवू लागली. यातलं आईला काय सांगावं ते कळेना.

"बघतो," म्हणालो.

"बघ," ती उठत म्हणाली. "आणि त्या करवंट्या दे इकडे. बंब पेटवायचाय."