मुठींपासून मेकर मेळ्यापर्यंत: आमची वाटचाल

आमचा धंदा सुरू झाला लाकडी मुठींवर. कानस, पटाशी, पेचकस यांना लागणाऱ्या मुठी आणि जोडीला लाटणी, झोपाळ्याच्या दांड्या. बाबांनी बडोद्यात मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीत शेड भाड्याने घेतली आणि दोन संघाडे, म्हणजे लाकूड फिरवून कातायची यंत्रं, बसवले. कातकाम ते संखेड्याच्या खरादी कारागिरांकडे शिकले होते. फिरत्या लाकडावर लाखेची कांडी टेकवायची, घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून चढते, मग अकीकाच्या दगडाने घासून चकाकी आणायची. संखेड्याच्या फर्निचरवरची सोनेरी नक्षी मुळात कथलाची असते. वर लाखेचा थर बसला की ती सोन्यासारखी दिसते. बाबा हे आजही तितक्याच कौतुकाने सांगतात.

पुढे प्लास्टिकच्या मुठी आल्या आणि ऑर्डरी आटल्या. मी शेडमध्ये आलो तेव्हा आम्ही जॉबवर्क आणि पॅकिंगच्या पेट्यांवर तग धरून होतो. त्या वर्षांबद्दल फार सांगण्यासारखं नाही. कारागिरांचे पगार मात्र कधी थकवले नाहीत, याचा अभिमान आहे.

कोविडच्या आधीच्या एका हिवाळ्यात शहरात मेकर मेळा भरला. स्वतःच्या हाताने काहीतरी बनवणाऱ्यांनी ते घेऊन यायचं आणि लोकांना दाखवायचं, असा हा मेळा. २००६ साली कॅलिफोर्नियातल्या सॅन मटेओत असा पहिला मोठा मेळा झाला आणि मग ही रीत देशोदेशी पसरली. मुलगी सातवीत होती, तिला रोबो बघायचे होते. रविवार होता, म्हणून आई-बाबांसह सगळेच निघालो. वाटेत सेव-उसळ खाल्ली आणि दुपारी आत शिरलो ते अंधार पडल्यावरच बाहेर आलो.

काळ्या पट्टीवरून आपोआप चालणारी गाडी शाळेतल्या पोरांनी केली होती. कुणी सायकलच्या सुट्या भागांतून पवनचक्की उभी केली होती. एका सतरंजीवर मुलं काड्यापेटीच्या काड्या सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबने जोडून त्रिकोण, चौकोन, घरं करत होती. टाकाऊतून खेळणी करायला शिकवण्यात आयुष्य घालवणाऱ्या अरविंद गुप्तांची ही युक्ती. चौकोन दाबला की कलतो, त्रिकोण कलत नाही. पुलाच्या कैच्या त्रिकोणी का असतात हे माझ्या मुलीला तिथे हाताने कळलं.

आई एका टेबलापाशी थांबली ती हलेचना. तिथे एक मुलगी वीज वाहून नेणाऱ्या, पोलादी तंतूंच्या दोऱ्याने कापडावर छोटे एलईडी शिवत होती. ‘आजी, तुम्ही बघता का शिवून?’ तिने विचारलं. ‘हा तर धावदोराच आहे,’ म्हणत आईने सुई घेतली. अधिक आणि उणे अशा दोन ओळी, त्या एकमेकींना कुठेही शिवता कामा नयेत, एवढी एकच अट. गोधड्या शिवणारा हात तो. दिवे पहिल्या झटक्यात लागले आणि आजूबाजूच्या मुलांनी टाळ्या वाजवल्या.

बाबा लाकडी हलत्या खेळण्यांच्या टेबलावर रमले. दांडा फिरवला की आतली कॅम, म्हणजे दांड्यावर बसवलेली उंचसखल कडेची चकती, फिरते आणि वरचा पक्षी पंख हलवतो. ते करणाऱ्या कॉलेजच्या मुलाला ते म्हणाले, ‘भोक अर्ध्या सुताने कमी पाड. दांडा ढिला आहे, म्हणून पक्षी डगमगतो.’ त्याने लगेच वहीत लिहून घेतलं. ‘काका, तुम्ही हे काम करता?’ बाबांनी त्याला सरळ शेडवर बोलावलं. आज तोच मुलगा आमचे आराखडे काढतो.

त्या दिवशी मला एक गोष्ट लख्ख दिसली. तयार वस्तू विकायला ठेवलेल्या टेबलांपुढून लोक सरकत होते, पण जिथे बसून करायला मिळत होतं तिथून मुलं उठत नव्हती. आणि घरी न्यायचं म्हटलं तर जे मिळत होतं त्याची माहितीपत्रकं फक्त इंग्रजीत होती. हे काम आमचं आहे, असं मी रात्रीच बाबांना सांगितलं.

घरी स्वतः जोडायच्या लाकडी हलत्या खेळण्यांचा आमचा पहिला संच म्हणजे उत्तरायणाचा, म्हणजे संक्रांतीचा, पतंगवाला. शंखाच्या आकाराच्या कॅममुळे त्याचा हात हळूहळू वर जातो आणि झटक्याने खाली येतो, ठुमका मारल्यासारखा. पण अशी कॅम उलटी फिरवली की अडकते, आणि मुलं दांडा दोन्ही बाजूंनी फिरवणारच. बाबांनी ती उतरण तिरपी करून दिली. झटका थोडा कमी झाला, अडकणं थांबलं.

भाग कापायला जुनं लेझर मशीन घेतलं. लेझरचं गणित संघाड्याहून वेगळं. किरण जातो तिथलं लाकूड जळतं, म्हणून खाच आखल्यापेक्षा एक-दोन दशांश मिलिमीटर रुंद होते. त्यात तीन मिलिमीटरची म्हणून आलेली प्लाय कधी पावणेतीन भरते, कधी सव्वातीन, आणि पावसाळ्यात फुगते ती वेगळीच. म्हणून प्रत्येक नव्या शीटवर आधी वेगवेगळ्या मापांच्या खाचांची पट्टी कापतो आणि जी हाताने दाबून बसते, हातोडी मागत नाही, ते माप धरतो. आठ वर्षांच्या मुलाचा अंगठा हीच आमची कसोटी. भाग मोडला तर सुटा मिळतो, अख्खा संच पुन्हा घ्यावा लागत नाही.

माहितीपत्रक मराठी आणि गुजराती दोन्हींत असतं. हे बडोद्याला शोभतंच. सयाजीरावांनी १८९० साली कलाभवन ही तंत्रशिक्षणाची शाळा काढली, रसायनशास्त्राचे प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जरांनी ती उभी केली, आणि तिथे रंगकाम, यंत्रकाम लोकांच्या भाषेत शिकवण्याचा आग्रह होता. दादासाहेब फाळके तिथलेच विद्यार्थी. त्या शहरात मुलाने इंग्रजी येत नाही म्हणून स्क्रू कुठे बसवायचा ते विचारत बसावं, हे मला पटत नाही.

अटल टिंकरिंग लॅब, म्हणजे सरकारी योजनेतून शाळांत उभ्या राहिलेल्या प्रयोगशाळा, आल्यापासून शाळांचे शिक्षकही येतात. थ्री-डी प्रिंटर त्यांच्याकडे असतो. आमच्याकडे ते लाकूड, खाच आणि दांडा शिकवायला मुलांना घेऊन येतात. बाबा त्यांना संघाडा चालवून दाखवतात.

आता आईचा संच चालू आहे: चनियाचोळीच्या काठावर शिवायचे दिवे. बटणाएवढा सेल लहान मुलाने गिळला तर जिवावर बेतू शकतं, म्हणून सेलचं घर स्क्रूने बंद होणारंच घ्यायचं, यावर ती ठाम आहे. खर्च वाढतो, वाढू दे. नवरात्रीच्या आधी तो बाजारात आणायचा आहे. धुतल्यावरही दिवे लागतात का, हे ती सध्या रोज एक काठ सेल काढून धुऊन, वाळवून बघते.