अर्जात ‘हंट’ लिहू नका : डोंगरात ट्रान्समीटर लपवण्याचा माझा अनुभव

पाच ट्रान्समीटर तयार करायला दोन आठवडे गेले. ते डोंगरात लपवायला एक सकाळ पुरली. ‘ठेवायला हरकत नाही’ एवढी एक ओळ सही-शिक्क्यानिशी हातात पडायला मात्र ४७ दिवस लागले. म्हणून कागदापासूनच सुरुवात करतो, सोल्डरिंगचं नंतर.

खेळ माहीत नसणाऱ्यांसाठी थोडक्यात. हॅम मंडळी, म्हणजे लायसन्स घेऊन हौस म्हणून रेडिओ चालवणारे, याला फॉक्स हंट म्हणतात. पाच छोटे ट्रान्समीटर, म्हणजे ‘कोल्हे’, रानात लपवायचे. पाचही एकाच फ्रीक्वेन्सीवर, पण आळीपाळीने एकेक मिनिट बोलतात. मोर्समध्ये पहिला एमओई, मग एमओआय, एमओएस, एमओएच आणि एमओ५. सहाव्या मिनिटाला पुन्हा पहिला. शोधणारे यागी अँटेना (जिकडे रोखाल तिकडचंच जास्त ऐकणारी) फिरवत, नकाशावर रेघा मारत ते हुडकतात. आमच्याकडे २ मीटरचा, म्हणजे १४४ ते १४६ मेगाहर्ट्झचा बँड वापरला.

पहिला अर्ज मी वनपरिक्षेत्र कार्यालयात दिला. विषय : ‘फॉक्स हंट स्पर्धेसाठी परवानगी मिळणेबाबत’. बाबूंनी तो वाचला, चष्मा वर केला आणि म्हणाले, “कोल्ह्याची शिकार? भाऊ, तुम्ही लेखी देऊन राहिले का शिकारीचं?” त्यांचं चुकलं नव्हतं. कोल्हा १९७२च्या वन्यजीव कायद्याने संरक्षित प्राणी आहे आणि अर्जावर माझी सही होती. अर्ज परत आला. दुसऱ्यांदा विषय लिहिला ‘हौशी रेडिओ दिशाशोधन सराव’. ‘लपवणे’ हा शब्दही काढला. त्याऐवजी ‘कमी शक्तीची पाच रेडिओ उपकरणे पाच तासांसाठी तात्पुरती ठेवणे’. तुम्हीही असंच लिहा, दहा दिवस वाचतील.

खरा घोळ पुढे झाला. आम्ही निवडलेला डोंगर सातबाऱ्यावर ‘झुडपी जंगल’ म्हणून आहे. पूर्व विदर्भाबाहेरच्यांना हे प्रकरण कळणार नाही, म्हणून सांगतो. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या सहा जिल्ह्यांत महसुली नोंदीत या नावाच्या हजारो जमिनी आहेत. नाव जंगल, नोंद महसूलची, वापर गावाच्या गुराढोरांचा. २२ मे २०२५ला सर्वोच्च न्यायालयाने ही जमीन वनच समजायची, असा निकाल दिला. कागदावर प्रश्न सुटला. काउंटरवर नाही.

पटवाऱ्याने सातबारा दाखवला, “हे पाहा, झुडपी जंगल. वनवाल्यांचं आहे.” वनपरिक्षेत्रात नकाशा उघडला, “याला (वनखात्याचा) कक्ष क्रमांकच नाही. महसूलचं आहे, तहसीलला जा.” तहसीलला गेलो तर, “निकाल वाचला नाही का? वनचं आहे.” दोन्ही कार्यालयांत मिळून सहा चकरा झाल्या. त्यातल्या दोन ‘साहेब मीटिंगला गेले’मध्ये गेल्या. तालुक्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही. ज्यांनी चकरा मारल्या असतील त्यांना ते सांगावं लागणार नाही.

कोंडी फुटली ती अर्जाची मांडणी बदलल्यावर. दोन कार्यालयांना दोन वेगळे अर्ज दिले की दोघंही एकमेकांकडे बोट दाखवायला मोकळे. म्हणून एकच अर्ज केला. प्रति वनपरिक्षेत्र अधिकारी, प्रतिलिपी तहसीलदार, ठाणेदार आणि ग्रामपंचायत. चारही ठिकाणी पोच घेतली, आवक क्रमांक आणि तारखेसकट. आवक क्रमांक नसलेला अर्ज म्हणजे न दिलेला अर्ज, हे पहिल्याच चकरेत कळायला हवं होतं. सोबत गट क्रमांक, सातबारा, गाव नकाशाच्या झेरॉक्सवर लाल पेनाने पाच टिंबं, हॅम लायसन्सची प्रत, माणसांची यादी आणि एका डब्याचा रंगीत फोटो. शेवटचं वाक्य : ‘सदर जागा आपल्या अखत्यारीत नसल्यास तसे लेखी कळवावे.’ ‘नाही’ हे लेखी द्यायला कोणी तयार नसतं. आठ दिवसांत मोका पाहणीची तारीख मिळाली.

मोका पाहणीला आलेल्या वनरक्षकाने एका तासात जे सांगितलं ते आम्हाला महिनाभर नकाशे बघून कळलं नसतं. पाचपैकी दोन जागा त्याने उडवल्या. एका कड्याखाली आग्या मोहोळ होतं. दुसऱ्या नाल्यात कपारीजवळ बिबट्याची विष्ठा, ताजी. अटीही घातल्या : झाडाला खिळा नाही, विस्तव नाही, सूर्य मावळायच्या आत पाचही डबे बाहेर. त्यामुळे माझा सल्ला असा की वनरक्षकाला आधी भेटा, साहेबांना नंतर. गावातल्या गायक्यालाही विचारा. तो रोज तिथेच गुरं चारतो.

पेंच, बोर, नागझिरा, ताडोबा, उमरेड-कऱ्हांडला यांच्या हद्दीत हा खेळ नेण्याचा विचारही करू नका. गडचिरोली आणि गोंदियाच्या पूर्व पट्ट्यात तर वायरी बाहेर आलेला डबा झुडपात ठेवणं हा शुद्ध मूर्खपणा. नागपूर-वर्ध्याकडेही पोलीस ठाण्याला कळवल्याशिवाय ठेवू नका. स्टीलचा टिफिन तर कधीच नाही. तो घातपाताचा वाटतो. पारदर्शक प्लास्टिकचा फराळाचा डबा घ्या, आतलं सगळं दिसू द्या, आणि झाकणावर मोठ्या अक्षरात मराठीत लिहा : ‘हौशी रेडिओ उपकरण, धोका नाही, हात लावू नये’. खाली कॉल साइन (लायसन्सवर मिळालेलं रेडिओचं नाव), तारीख, फोन नंबर आणि परवानगीचा जावक क्रमांक.

आता डब्यात काय ते. २ मीटरचा हातातला सेट, लो पॉवरवर. त्याला अर्डुइनो नॅनो, म्हणजे प्रोग्रॅम भरता येणारा छोटा बोर्ड, जो बीसी५४७ ट्रान्झिस्टरमधून पीटीटी (बोलताना दाबायचं बटण) दाबतो आणि सुमारे ७०० हर्ट्झचा टोन माइकमध्ये सोडतो. टोनच्या वाटेवर ०.१ मायक्रोफॅरड कपॅसिटर आणि व्हॉल्यूम कमी करायला १० किलोओहम-१ किलोओहमची जोडी. नॅनोच्या भरवशावर वेळ सोडू नका. त्यावर वेळ मोजायला सिरॅमिक रेझोनेटर असतो, अर्धा टक्का इकडेतिकडे. चार तासांत तो ७२ सेकंद सरकू शकतो, म्हणजे एक पूर्ण पाळी. मग एमओएस आणि एमओएच एकमेकांच्या डोक्यावर बोलतात आणि दोघांचीही दिशा कळत नाही. डीएस३२३१ घड्याळाचं मॉड्यूल जोडा, पाचही घड्याळं आदल्या रात्री एकत्र लावा. दिवसभरात सेकंदाचाही फरक पडत नाही.

दुसरी अडचण, पीटीटी अडकणे. अँटेना जवळ असली की स्वतःचाच आरएफ (रेडिओ लहरी) वायरीतून नॅनोत शिरतो आणि सेट बोलतच राहतो. पीटीटी आणि माइकच्या वायरीवर फेराइट मणी घाला, पीटीटी ते ग्राउंड ०.०१ मायक्रोफॅरड लावा. शिवाय सेटमधला टाइम-आउट टायमर (ठरल्या वेळेनंतर बोलणं तोडणारा) ६० सेकंदांवर ठेवा आणि नॅनोला ५५ सेकंदच बोलायला सांगा. पाळी टायमरच्या आत संपते, आणि पीटीटी अडकलाच तर सेट मिनिटभरात आपोआप गप्प होतो. व्हॉक्स (आवाज आला की आपोआप बोलणं सुरू), रॉजर बीप (बोलणं संपल्याची पीप) बंद, कीपॅड लॉक. कॉल साइन प्रत्येक पाळीत. फ्रीक्वेन्सी निवडताना १४५.८च्या वरचा भाग सोडा, तो उपग्रहांचा.

अँटेना साधीच. मध्ये ४९ सेंटीमीटर उभी तार, खाली ५१ सेंटीमीटरच्या चार, तिरप्या. दोन मीटर केबल, सुतळीने फांदीला टांगलेली, जमिनीपासून दोन-अडीच मीटर. आंतरराष्ट्रीय स्पर्धांत या बँडवर अँटेना आडवी असते. आम्ही उभी ठेवली, कारण फांदीवरून सोडायला ती सोपी. मग शोधणाऱ्यानेही यागीच्या पट्ट्या उभ्याच धरायच्या. हे सांगायचं राहिलं तर सिग्नल पार बसतो आणि लोक ट्रान्समीटर बंद पडला म्हणून फोन करतात.

यागी घरीच करा. पीव्हीसी पाइपवर स्टीलच्या मेजरिंग टेपचे तुकडे : मागचा म्हणजे रिफ्लेक्टर १०५ सेंटीमीटर, मधला (केबल जोडायचा) दोन तुकड्यांत ४५-४५, पुढचा म्हणजे डायरेक्टर ८९. रिफ्लेक्टर ते मधला २० सेंटीमीटर, मधला ते डायरेक्टर ३२. मधल्या दोन तुकड्यांवर साधारण १२ सेंटीमीटर तारेची हेअरपिन (यू आकाराची वळवलेली तार) जोडा, केबलशी मॅचिंग होतं. टेप असल्याने पट्ट्या बोरीबाभळीत अडकून वाकतात आणि परत सरळ होतात. टेपचा रंग खरवडल्याशिवाय सोल्डर धरत नाही.

जागा निवडताना दोन डब्यांत किमान ४०० मीटर आणि सुरुवातीच्या ठिकाणापासून ७५० मीटर अंतर ठेवा. डोंगरमाथ्यावर ठेवलेला डबा सगळ्यांना सरळ ऐकू येतो, त्यात मजा नाही. माथ्याच्या थोडा खाली, पाठच्या उतारावर ठेवा. सिग्नल माथ्यावरून वळून येतो आणि नवखे सगळे माथा चढतात. नाल्यात ठेवलात तर समोरच्या काळ्या दगडाच्या कड्यावरून सिग्नल आपटून येतो. लोक खरोखर चुकीच्या कड्याकडे चालू लागतात. त्यांना एवढंच सांगा की दहा पावलं सरकून पुन्हा दिशा घ्या. दिशा उडाली तर ती आपट असते. अगदी जवळ गेल्यावर सेट गच्च होतो, यागी कुठेही फिरवा, सिग्नलचा काटा फुलच. तेव्हा फ्रीक्वेन्सीच्या तिप्पटीवर ऐका. १४५.२०० असेल तर ४३५.६००. तिथे तोच सिग्नल अगदी बारीक येतो आणि यागी पुन्हा कामाची होते. तेही जमलं नाही तर नुसता सेट छातीशी धरून गोल फिरा, पाठीमागे ट्रान्समीटर आला की आवाज पडतो.

लपवणाऱ्याला पकडून देतं ते सागाचं पान. वाळलेल्या पानांच्या थरात वरून सगळं तपकिरी असतं. तुमचा पाय पडला की पान उलटतं आणि खालची फिकट बाजू वर येते. वीस पावलांवरून ती वाट दिसते. म्हणून दगडांवरून जा, दुसऱ्या बाजूने परता. वांदरं लोंबती केबल ओढतात, ती खोडाच्या आतल्या अंगाला बांधा.

हंगाम नोव्हेंबर ते जानेवारी. १५ फेब्रुवारीला आगीचा हंगाम सुरू होतो आणि त्यानंतर कोणी सही करणार नाही. ते बरोबरच आहे. मोह वेचणारे झाडाखालचा पाला पेटवतात, आणि प्लास्टिकचा डबा काही आग थोपवत नाही. थंडीत पहाटे डब्याला आतून घाम येतो, सिलिका जेलची पुडी टाका. डबे ठेवले की जागा कागदावर लिहा, मोबाइलवर नाही. नाल्यात नेटवर्क नसतं आणि दाट पानांखाली जीपीएस १०-१५ मीटर सरकतं. गोळा करताना पाच मोजा. आमचा पाचवा अर्धा तास सापडला नाही, कारण ज्याने ठेवला त्याने ‘मोठ्या सागाजवळ’ असं लिहिलं होतं.

एक राहिलंच. नॅनोवरच्या लाल दिव्यावर काळी टेप लावा. पारदर्शक डब्यात तो संध्याकाळी लांबून लुकलुकतो, आणि वर कितीही मोठ्या अक्षरात ‘धोका नाही’ लिहा, जवळ जाऊन ते वाचायची हिंमत कोणी करत नाही.