बाळसे नव्हते ते

सातारा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी मी सोळा वर्षे बालरोगतज्ज्ञ म्हणून काम करते आहे. बुधवारची सकाळ लसीकरणाची असते, आणि निरोगी बाळांनी खोली भरून जाते म्हणून तो वार मला मनापासून आवडतो. अशाच एका बुधवारी नऊ महिने पूर्ण झालेला एक मुलगा गोवर-रुबेलाच्या लसीसाठी आला. सोबत आई, आजी आणि आठ वर्षांची बहीण होती. गाल इतके भरलेले, की त्यांत डोळे बारीक दिसत होते. हनुवटीखाली दुसरी घडी आणि उजव्या गालावर काजळाची मोठी तीट. आजी काहीशा अभिमानाने, काहीशा धास्तीने म्हणाल्या, "समदी टक लावून बघत्यात मॅडम, म्हनून तीट लावलीया."

मीही कौतुकच करणार होते. दोन महिन्यांपूर्वी तो तापासाठी आला होता तेव्हा मी ते केलेही होते. "छान बाळसं धरलंय" हे माझेच शब्द होते, आणि त्या दिवशी मी त्याचे फक्त वजन केले होते, लांबी मोजली नव्हती.

या वेळी परिचारिकेने दोन्ही मोजले. वजन १०.६ किलो, लांबी ६६ सेंटिमीटर. मोजण्यात चूक झाली असेल असे वाटून मी स्वतः त्याला पुन्हा फळीवर निजवले, आईला डोके धरायला सांगितले, गुडघे सरळ केले. आकडा तोच आला. त्याच्या कार्डावर पाचव्या महिन्याची नोंद होती: ७.४ किलो आणि ६५ सेंटिमीटर. म्हणजे चार महिन्यांत वजन तीन किलोंहून अधिक वाढले होते आणि लांबी अवघी एक सेंटिमीटर. नुसत्या जास्त खाण्याने लठ्ठ झालेले मूल सहसा लांबीनेही वाढते. वजन चढत राहते आणि लांबी मात्र थांबते, तेव्हा शरीरात कॉर्टिसोल (शरीर स्वतःच बनवते ते स्टेरॉइड संप्रेरक) किंवा त्यासारखे औषध जास्त झाले आहे का, ही शंका आधी घ्यावी लागते.

मी ओल्या कापसाने ती तीट पुसली. खालचा गाल लालसर होता आणि कपाळापासून कानापर्यंत मऊ, लांब लव उतरली होती; पाठीवरही तीच. तो आईच्या अंगावर पिता पिता झोपल्यावर मी छोट्या पट्ट्याने तीन वेळा रक्तदाब घेतला. वरचा आकडा एकदाही ११५च्या खाली आला नाही. या वयात तो साधारण नव्वदच्या आसपास असतो.

"याला कुठलं औषध चालू आहे का?" मी विचारले. आई नाही म्हणाली. गुटी, काढा, गावठी औषध, कुणी दिलेली पुडी, सगळे विचारून झाले. सगळ्यांना उत्तर नाही. शेवटी मी त्याचा डायपर सोडायला सांगितला. जांघेतली कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ झाली होती, तिच्याखालच्या निळ्या शिरा दिसत होत्या आणि घडीच्या कडेने बुरशीचे लाल ठिपके होते. "इथं काही लावता का?" "हो, मलम लावते ना," ती सहज म्हणाली. औषध चालू आहे का, या प्रश्नाचे तिने दिलेले उत्तर खोटे नव्हते. मलम हे तिच्या लेखी औषधच नव्हते. त्या दिवसापासून मी हा प्रश्न वेगळा विचारते.

तिने पर्समधून शेपटीकडून गुंडाळत आणलेली ट्यूब काढली. क्लोबेटासोल हे स्टेरॉइड, मायकोनॅझोल हे बुरशीनाशक आणि निओमायसिन हे प्रतिजैविक. वडिलांच्या कमरेवरच्या नायट्यासाठी ती कधीतरी मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणली होती. बाळाच्या लंगोटाच्या जागी पुरळ आले तेव्हा घरात होती म्हणून लावली, आणि दोन दिवसांत लाली गेली. थांबवली की पुरळ परत येई, म्हणून ती प्रत्येक वेळी डायपर बदलताना लावू लागली. किती घेत होतीस, असे विचारल्यावर तिने तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेराच्या रेषेपर्यंत बोट दाखवले. एवढे मलम म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम, आणि मोठ्या माणसाच्या दोन पंजांएवढी जागा त्यात झाकली जाते. दिवसाला तीनदा. पंधरा ग्रॅमची ट्यूब दहा दिवस पुरायची, म्हणजे चार महिन्यांत बारा ट्यूबा, १८० ग्रॅम मलम. ०.०५ टक्क्यांच्या हिशेबाने त्यात ९० मिलिग्रॅम क्लोबेटासोल होते. हे त्वचेवर वापरायच्या सर्वांत तीव्र वर्गातले स्टेरॉइड आहे. मोठ्यांनाही ते सलग दोन आठवड्यांपेक्षा जास्त देत नाहीत, आणि बाळांसाठी ते नाहीच.

शिवाय जागा. फेल्डमन आणि मेबॅक या संशोधकांनी १९६७ मध्ये हायड्रोकॉर्टिसोन हे स्टेरॉइड त्वचेच्या कोणत्या भागातून किती शोषले जाते ते मोजले होते, आणि हाताच्या तुलनेत वृषणाच्या त्वचेतून ते सुमारे ४२ पट शोषले गेले. त्यात बाळाची त्वचा वजनाच्या मानाने पुष्कळ, आणि वर प्लास्टिकचा डायपर, म्हणजे मलमावर झाकण घातल्यासारखेच. एका जागेपुरते लावलेले औषध त्या जागेपुरते राहिले नव्हते. स्टेरॉइड असलेली त्वचेची मलमे चिठ्ठीशिवाय विकली जाऊ नयेत म्हणून २०१८ मध्ये केंद्र सरकारने शेड्यूल एचचे नियम कडक केले; तरीही ही ट्यूब साबणाच्या वडीसारखी हातात पडते, याचा मला आजही संताप येतो.

ऐकता ऐकता आईचा चेहरा उतरला आणि ती ट्यूब कचऱ्याच्या डब्यात टाकायला उठली. मी तिला थांबवून बसवले, कारण खरा धोका इथेच होता. बाहेरून इतके स्टेरॉइड मिळत असल्यामुळे बाळाच्या मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथींनी स्वतःचे कॉर्टिसोल बनवणे जवळपास सोडले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता घेतलेल्या रक्तात ते नगण्यच निघाले. अशा वेळी मलम नुसते बंद केले आणि पाठोपाठ जुलाब किंवा ताप आला, तर मूल कोसळू शकते. पुण्यातील बालअंतःस्रावतज्ज्ञांशी फोनवर बोलून आम्ही क्लोबेटासोल बंद केले आणि शरीराला रोज लागते तेवढेच हायड्रोकॉर्टिसोन पोटातून सुरू केले. गोळ्यांची पूड करून औषधनिर्मात्याने इवल्या इवल्या पुड्या बांधून दिल्या, दिवसाला तीन. ताप आला तर मात्रा किती वाढवायची हे मी मराठीत मोठ्या अक्षरांत लिहून तो कागद कार्डाला टाचला. पुरळावर क्लोट्रिमॅझोल हे बुरशीनाशक, झिंक ऑक्साइड, सुती लंगोट आणि मोकळी हवा. लस महिनाभर पुढे ढकलली.

पंधरा दिवसांनी ते परत आले तेव्हा बहीण तोंडाने श्वास घेत होती. तिला ॲलर्जीची सर्दी आहे आणि नाकात मारायचा मोमेटासोनचा फवारा मीच वर्षभरापूर्वी लिहून दिला होता. घरी कुणीतरी बाटलीवरचा मजकूर वाचून दाखवला, तेही स्टेरॉइडच आहे हे आईला कळले आणि तिने त्याच रात्री तो बंद केला. तिचे काही चुकले असे मला वाटले नाही. दोन्हींना एकच नाव आहे, मग एक मुलाला सुजवते आणि दुसरे चालते, हे तिने कशावरून मानावे?

मी वेळ काढून समजावले. या फवाऱ्याची मात्रा मायक्रोग्रॅममध्ये असते, म्हणजे मिलिग्रॅमच्या हजाराव्या भागात. नाकातून घशात उतरलेला अंश यकृत बहुतेक सगळाच मोडून टाकते, त्यामुळे रक्तात एक टक्क्याहूनही कमी पोचते. तरी मुलीची उंची मी दर चार महिन्यांनी मोजणार, आणि नाक मोकळे राहील अशा कमीत कमी फवाऱ्यांवर तिला ठेवणार. मग मुलीला फवारा मारून दाखवायला सांगितले. तिने मान मागे टाकली, टोक सरळ मधल्या पडद्यावर रोखले आणि जोरात हुंगले. औषध घशात गेले. त्या पडद्यावर रोज मारा झाला की नाकातून रक्त येते. मी तिला बाटली हलवायला, मान किंचित खाली करायला, डाव्या नाकपुडीसाठी उजवा हात वापरून टोक कानाच्या बाजूला वळवायला आणि अलगद श्वास घ्यायला शिकवले. चौथ्या खेपेला तिला नीट जमले.

बाळाचा रक्तदाब सहा आठवड्यांत उतरला. पुड्या हळूहळू कमी करत पाचव्या महिन्यात थांबवल्या, कारण तोवर सकाळचे कॉर्टिसोल त्याचे त्यालाच पुरेसे बनू लागले होते. चौदा महिन्यांचा झाल्यावर आजी त्याला कडेवर घेऊन आल्या आणि काळजीने म्हणाल्या, "लई रोडावलं हो पोरगं." वजन ९.८ किलो भरले. मी त्याला फळीवर निजवले आणि आकडा आजींना वाचून दाखवला: ७४ सेंटिमीटर. पाच महिन्यांत आठ. त्यांनी तो कार्डावर माझ्याकडून दोनदा लिहवून घेतला.