पहिल्या बाइकला एबीएस हवं का? निर्णय घेतानाचा माझा अनुभव

शोरूममध्ये ‘या गाडीला एबीएस आहे का?’ असं विचारलं, की १५०-१६० सीसीच्या कुठल्याही नव्या मोटरसायकलसाठी उत्तर ‘हो’ असंच येतं. एबीएस (अँटी-लॉक ब्रेकिंग सिस्टिम) म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा. १२५ सीसीच्या वरच्या नव्या मॉडेलना १ एप्रिल २०१८ पासून आणि आधीपासून विकल्या जाणाऱ्या मॉडेलना १ एप्रिल २०१९ पासून ते सक्तीचंच आहे. म्हणून पहिली गाडी निवडताना या प्रश्नातून काहीच हाती लागत नाही. खरे प्रश्न दोन आहेत. एबीएस एकाच चाकाला आहे की दोन्ही चाकांना? आणि अचानक समोर कुणी आलं, तर माझ्याकडून आपोआप कुठला ब्रेक दाबला जातो?

माझा निर्णय ठरला तो दुसऱ्या प्रश्नावर. आपल्याकडे सायकल शिकतानाच प्रत्येकाला सांगितलेलं असतं, ‘पुढचा ब्रेक मारू नको, तोंडावर पडशील.’ सांगणाऱ्याचं म्हणणं अगदीच खोटं नाही. पुढचं चाक जाम झालं की हँडल वळवून काही उपयोग राहत नाही आणि गाडी क्षणात आडवी होते. पण ही शिकवण पायात भिनली, की मोटरसायकलवरही माणूस आधी मागचं पेडल दाबतो. गाडी थांबवायचं बरंचसं काम मात्र पुढचा ब्रेक करत असतो. ब्रेक लागला की गाडीचं आणि आपलं वजन पुढे झुकतं. त्यामुळे पुढचा टायर रस्त्यावर दाबला जातो आणि मागचा हलका होतो. मागचं चाक चटकन जाम होऊन घसरतं ते या हलकेपणामुळे.

हिशेब मांडला की फरक नीट दिसतो. कोरड्या डांबरावर दोन्ही ब्रेक नीट वापरले, तर गुरुत्वाकर्षणाच्या साधारण ०.७ पट वेगाने गती कमी करणं सामान्य चालकाला जमतं. फक्त मागचा ब्रेक असेल तर ०.३५ पट धरू. ताशी ६० किलोमीटरवरून थांबायला पहिल्या पद्धतीत सुमारे २० मीटर लागतात, दुसऱ्या पद्धतीत ४०. शिवाय धोका दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद गेला, तर त्या सेकंदात गाडी जवळजवळ १७ मीटर पुढे गेलेली असते. दोन्ही ठिकाणी हे १७ मीटर वेगळे मोजायचे. ओल्या रस्त्यावर पकड ०.४ वर आली, तर दोन्ही ब्रेक नीट वापरूनही ३५ मीटर जातात.

आता एबीएसचं काम. चाकाच्या तुंब्याजवळ खाचा असलेली एक पातळ चकती बसवलेली असते आणि तिच्यासमोर सेन्सर. चाक किती वेगाने फिरतंय हे सेन्सर सतत मोजतो. ब्रेक दाबल्यावर चाकाचा वेग अचानक, गाडी जितकी मंदावू शकेल त्यापेक्षा जास्त घसरला, तर चाक जाम व्हायच्या बेतात आहे हे कंट्रोल युनिटला कळतं. मग ते त्या चाकाच्या ब्रेक ऑइलचा दाब क्षणभर कमी करतं, चाक पुन्हा फिरू लागतं आणि दाब परत वाढतो. हे सेकंदाला अनेकदा चालतं. हाताला लिव्हरमध्ये ठकठक जाणवते ती त्याचीच. त्या वेळी लिव्हर सोडायचा नाही, पंप केल्यासारखा परत परत दाबायचाही नाही, तसाच धरून ठेवायचा. नवीन माणूस नेमका इथे दचकतो. ब्रेकमध्ये काहीतरी बिघडलं असं वाटून तो बोटं सैल करतो आणि उरलेलं अंतर हातचं घालवतो.

सिंगल चॅनल म्हणजे फक्त पुढच्या चाकाला एबीएस. ड्युअल चॅनल म्हणजे दोन्ही चाकांना. सगळ्यात धोकादायक घसरण पुढच्या चाकाची, म्हणून एकाच चाकाला द्यायचं तर पुढच्याला, हा विचार तांत्रिकदृष्ट्या बरोबरच आहे. पण ‘पुढचा ब्रेक नको’ हे डोक्यात बसलेल्या माणसाच्या बाबतीत काय होतं पाहा. तो घाबरून पेडलवर उभा राहतो, मागचं चाक जाम होतं, गाडीची शेपटी एका बाजूला जाते आणि पुढच्या चाकाचं एबीएस जागंसुद्धा होत नाही, कारण पुढचा ब्रेक त्याने दाबलेलाच नसतो. पैसे भरले त्या संरक्षणासाठी, आणि ते आहे तो वापरतच नाही त्या ब्रेकला. म्हणून पहिल्या गाडीसाठी माझं मत स्पष्ट आहे: फरक काही हजारांचा असेल, तर रंग, स्टिकर आणि ब्लूटूथ सोडून आधी ड्युअल चॅनल घ्यावं. खिसा परवानगी देत नसेल तर सिंगल चॅनल चालेल, पण मग हाताला पुढच्या ब्रेकची सवय लावणं हा गाडीच्या किमतीचाच भाग समजावा.

शोरूममध्ये चॅनल ओळखायची एक सोपी खूण आहे. मागे ड्रम ब्रेक असेल तर एबीएस फक्त पुढे. एकाच नावाच्या गाडीतही हा फरक असतो. २०२२ मध्ये रॉयल एनफील्डची हंटर ३५० आली तेव्हा तिच्या रेट्रो प्रकारात मागे ड्रम आणि सिंगल चॅनल होतं, मेट्रो प्रकारात मागे डिस्क आणि ड्युअल. उलट, मागे डिस्क दिसली म्हणजे ड्युअलच, असं मात्र नाही. मागच्या चाकाला खाचांची चकती आणि सेन्सर दिसला तरी खात्री धरू नका. काही सिंगल चॅनल गाड्यांत जोरात ब्रेक मारल्यावर मागचं चाक उचललं जाऊ नये म्हणून मागचा वेगही मोजला जातो. खात्री करायची तर एबीएसच्या कंट्रोल युनिटच्या चौकोनी ठोकळ्याला जोडलेल्या ब्रेक ऑइलच्या नळ्या मोजाव्यात. चार असतील, म्हणजे दोन आत आणि दोन बाहेर, तर ड्युअल. दोनच असतील तर सिंगल.

१२५ सीसीपर्यंतच्या गाड्यांना कायद्याने सीबीएस, म्हणजे दोन्ही ब्रेक एकमेकांना जोडणारी यंत्रणा, पुरेसं ठरवलं होतं. यात मागचं पेडल दाबलं की पुढचा ब्रेकही थोडा लागतो. पेडलच्या सवयीच्या माणसाला याचा खरंच फायदा होतो, कारण नकळत का होईना पुढचं चाक कामाला लागतं. पण चाक जाम होणं सीबीएस थांबवत नाही, आणि विक्रेता दोन्हीचा उल्लेख एका दमात करतो तेव्हा ही गल्लत सहज होते. १२५ मध्येही एबीएसचे पर्याय आहेत. हीरोची एक्स्ट्रीम १२५आर २०२४ च्या सुरुवातीला आली ती सिंगल चॅनल एबीएसच्या प्रकारासह. कॉलेजला जाणाऱ्या मुलासाठी किंवा मुलीसाठी याच गटात गाडी बघितली जाते, म्हणून तिथे दोन प्रकारांची किंमत शेजारी शेजारी लिहून घ्यावी.

एबीएस कुठे उपयोगी पडत नाही, हेही निवड करण्याआधी कळायला हवं. ते थांबायचं अंतर जादूने कमी करत नाही. टायरला जेवढी पकड आहे तेवढीच ते वापरू देतं. कोकणात रस्त्यावर आलेली वाळू, कडेची सुटी खडी, ऊसतोडणीच्या दिवसांत सांगली-कोल्हापूरकडे ट्रॅक्टरच्या चाकांनी डांबरावर आणलेला शेतातला चिखल, या सगळ्यावर एबीएस असलेली गाडी उलट जास्त लांब जाऊन थांबू शकते. जाम चाकापुढे मातीचा ढीग साचून थोडी अडवणूक होते, फिरत्या चाकापुढे होत नाही. तरीही नवशिक्यासाठी मी एबीएसच निवडेन, कारण दोन मीटर लांब पण उभं थांबणं हे आडवं घसरत जाण्यापेक्षा केव्हाही बरं. उंचसखल रस्त्यावर चाक क्षणभर उडतं तेव्हाही एबीएस दाब सोडतं आणि ब्रेक गेल्यासारखा वाटतो. खड्डे सुरू होण्याआधीच वेग कमी करणं एवढाच त्यावर उपाय.

वळणावर तर साध्या एबीएसच्या भरवशावर राहूच नये. गाडी कललेली असताना टायरची बरीच पकड वळण्यातच खर्ची पडते. कल मोजून ब्रेक आवरणारी यंत्रणा महागड्या गाड्यांत असते, पहिल्या गाडीत ती मिळायची नाही. ताम्हिणी किंवा आंबोली घाटात पावसात उतरताना वळणाआधी, गाडी सरळ असतानाच ब्रेक संपवायचा आणि खालच्या गिअरवर वळायचं. गिअर मात्र एकामागून एक, क्लच सावकाश सोडत उतरवायचे. एकदम दोन गिअर खाली टाकून क्लच सोडला तर इंजिनच मागचं चाक अडवतं, आणि तिथे एबीएस काही करू शकत नाही. ते फक्त ब्रेकचा दाब सोडू शकतं, इंजिनचा नाही.

जुनी गाडी बघत असाल तर आधी आरसीवर उत्पादनाचा महिना-वर्ष पाहा. एप्रिल २०१९ च्या आधीच्या १५० सीसी गाडीला एबीएस असेलच असं नाही. मग चावी फिरवा. मीटरवर एबीएसचा पिवळा दिवा लागला पाहिजे, आणि गाडी चालू लागल्यावर पाच-दहा किलोमीटरच्या वेगात विझला पाहिजे. विझत नसेल तर बिघाड आहे. चावी फिरवल्यावर लागतच नसेल तर जास्त सावध व्हा, कारण बिघाड लपवायला कुणीतरी दिव्याशी खेळ केलेला असू शकतो. मेन स्टँडवर मागचं चाक फिरवल्यावर दिवा लागला तर मात्र घाबरू नका. पुढचं चाक थांबलेलं आणि मागचं फिरतंय हे पाहून यंत्रणा गोंधळते. चावी बंद करून पुन्हा सुरू केली आणि थोडं चालवलं की तो जातो.

दिवा लागून राहण्याची कारणं बहुतेक वेळा किरकोळ असतात: सेन्सरवर साचलेला चिखल, उडालेला फ्यूज, अशक्त बॅटरी. सगळ्यात जास्त नुकसान पंक्चर काढताना होतं. चाक उतरवून जमिनीवर टाकताना खाचांची चकती वाकते, किंवा सेन्सरची वायर ओढली जाऊन तुटते. चाक खोलत असताना तिथे उभं राहावं, डिस्क आणि चकतीची बाजू वर ठेवायला सांगावं. चाक बाहेर असताना ब्रेक लिव्हर कुणी दाबू नये, नाहीतर पिस्टन बाहेर येतात आणि डिस्क पॅडमध्ये परत जात नाही. टायर बदलताना कंपनीने दिलेलाच आकार ठेवावा, कारण युनिटचं गणित चाकाच्या घेरावर बसवलेलं असतं.

ब्रेक ऑइलकडे सर्वात जास्त दुर्लक्ष होतं. ते हवेतली ओल शोषून घेतं. आपल्या पावसाळ्यात तर लवकरच. ओल वाढली की तापल्यावर वाफ धरते आणि लिव्हर मऊ लागतो. एबीएसच्या ठोकळ्यातल्या बारीक झडपांना आतून गंज लागला तर तो अख्खा बदलावा लागतो, आणि तो खर्च मोठा असतो. दोन वर्षांनी ऑइल बदलणं त्यापुढे काहीच नाही. ब्रेक ऑइलच्या छोट्या टाकीच्या झाकणावर जो प्रकार लिहिलेला असतो, बहुतेक गाड्यांत डॉट ४, तोच घालायचा. डॉट ५ हे सिलिकॉनचं वेगळं ऑइल आहे, ते चालत नाही. ठोकळ्यात हवा अडकली तर साध्या ब्लीडिंगने, म्हणजे ऑइलसोबत हवा बाहेर काढून, निघेलच असं नाही, काही वेळा सर्व्हिस सेंटरचं यंत्र जोडून आतल्या झडपा उघडाव्या लागतात.

गाडी घरी आल्यावर एखाद्या रविवारी सकाळी एमआयडीसीतला रिकामा, सरळ, कोरडा रस्ता गाठा. हेल्मेट, बूट, हातमोजे, आणि मागून कुणी येत नाही हे बघायला सोबत एक माणूस. नवीन टायर पहिले शंभर-दोनशे किलोमीटर बुळबुळीत असतात, त्यामुळे तेवढं अंतर झाल्यावरच हे करा. रस्त्याकडेला विटेचा तुकडा ठेवा. ताशी २० ने येऊन तुकड्यापाशी क्लच आणि दोन्ही ब्रेक, नजर लांब समोर, गुडघे टाकीला घट्ट. पुढचा लिव्हर झटका देऊन नाही, लिंबू पिळल्यासारखा वाढत्या जोराने. दहा वेळा झालं की ३०, मग ४०. प्रत्येक वेळी तुकड्यापासून चाकापर्यंत पावलं मोजा. ४० वरून कोरड्या रस्त्यावर साधारण नऊ-दहा मीटर, म्हणजे बारा-तेरा पावलं व्हायला हवीत. वीसच्या पुढे जात असाल तर पुढचा ब्रेक अजून दाबलाच जात नाहीये. शेवटच्या दोन-तीन वेळा ३० वर मुद्दाम जोरात दाबून ती ठकठक हाताला ओळखीची करून घ्या. सिंगल चॅनल असेल तर हे फक्त पुढच्या लिव्हरने करा, आणि पेडलवर पाय हलका ठेवा.