आधी प्रती मोजा, मग पुस्तक जाहीर करा: दुकानातला विज्ञानकथा वाचनगट

विज्ञानकथेचा वाचनगट मोडतो तो बहुतेक वेळा चर्चेमुळे नाही, प्रतींमुळे. दुकानदार पुस्तक ठरवतो, फलकावर लिहितो, व्हॉट्सॲपवर टाकतो आणि मग वितरकाला फोन करतो. उत्तर येतं, ‘चार आहेत, बाकी बघून सांगतो.’ गाजलेली कादंबरी असेल तर अशी घाई खपून जाते. मराठी विज्ञानकथेत खपत नाही. आवृत्त्या लहान असतात, पुनर्मुद्रणाचा भरवसा नसतो, आणि गोदामात दिसणाऱ्या प्रतींपैकी निम्म्या पिवळ्या पडलेल्या निघतात.

म्हणून उलट क्रमाने जा. सत्राच्या सहा आठवडे आधी तीन पुस्तकांची नावं काढा आणि तिन्ही प्रकाशकांना थेट फोन करा. प्रश्न तीनच: आज हातात किती प्रती आहेत, दहा पाठवता येतील का, आणि न विकलेल्या परत घ्याल का. ज्याचं उत्तर सरळ येईल ते पुस्तक त्या महिन्याचं. नाइलाज म्हणून हे सांगत नाही, निवडीची हीच रीत मला योग्य वाटते. जे पुस्तक गटाच्या हातात पडणार नाही त्यावर नुसतं बोलत बसण्यात दुकानाचा फायदा नाही आणि वाचकाचाही नाही.

किती प्रती मागवायच्या? गटात चौदा नियमित माणसं असतील तर चौदा प्रती मागवू नका. काहींच्या घरी पुस्तक असतं, काही वाचनालयातून आणतात, नवरा-बायको एकच घेतात. आठ प्रती गटासाठी आणि दोन टेबलावर, येत्या-जात्या गिऱ्हाईकासाठी, एवढं पुरतं. मात्र ‘माझी एक ठेवा’ या तोंडी नोंदीवर प्रत बाजूला काढू नका. पैसे आले की पावती फाडायची, नावाची चिठ्ठी आत घालायची आणि मगच प्रत गल्ल्यामागच्या फळीवर ठेवायची. रोखीने घेतलेली पुस्तकं तोंडी शब्दावर अडकली की ती वर्षभर तिथेच बसतात.

हिशेब आधीच कागदावर मांडा. समजा पुस्तक ३०० रुपयांचं आहे आणि तुम्हाला ३० टक्के कमिशन मिळतं, म्हणजे ९० रुपये. सभासदाला १० टक्के सूट दिली तर हातात ६० उरतात. आठ प्रतींचे ४८०. त्यातून चौदा कप चहा आणि बिस्किटं वजा केली की दोनशेच्या आसपास राहतात. वीज आणि माणसाचा वेळ धरला तर तेही जातात. गटाच्या पुस्तकातून कमाई होत नाही, हे आधीच समजून घेतलेलं बरं. कमाई होते ती शेजारच्या रॅकवरून. सत्राच्या दिवशी त्या कथेच्या वाटेवरची दहा-बारा पुस्तकं गल्ल्याजवळ मांडा: गूढकथा, खगोलशास्त्राचं सोपं पुस्तक, इतिहासातलं एखादं, मुलांसाठी एखादं. माणसं बोलून बाहेर पडताना हात तिकडेच जातो. म्हणून चर्चेच्या वेळी गल्ला बंद ठेवू नका, आणि गल्ल्यावर बसणाऱ्याने चर्चाही चालवू नये. दोन कामं, दोन माणसं.

पुस्तक छापून संपलं असेल तेव्हा झेरॉक्सचा मोह होतो. तो टाळा. आपल्याकडे स्वामित्वहक्क लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो. इथे अनेकांचा एक घोटाळा होतो. ज्यूल व्हर्न १९०५ मध्ये गेले, एच. जी. वेल्स १९४६ मध्ये, म्हणून त्यांची मूळ पुस्तकं आता मुक्त आहेत. पण अनुवादावर अनुवादकाचा स्वतंत्र हक्क असतो. भा. रा. भागवतांनी केलेले व्हर्नचे अनुवाद मुक्त नाहीत, कारण भागवत २००१ मध्ये गेले. अशा वेळी एखादी कथा निवडून प्रकाशकाकडे किंवा वारसांकडे लेखी परवानगी मागा. ती मिळाली नाही तर सभासदांच्या घरातल्या प्रती फिरवा. वहीत नाव, तारीख, परतीची तारीख, आणि प्रत्येकाला सात दिवस. तीन प्रती असल्या तर बारा जणांना चार आठवडे लागतात, म्हणून हे काम महिनाभर आधी सुरू झालं पाहिजे.

पहिल्या सत्राला कादंबरी नको, कथा घ्या. तीस पानं सगळे वाचून येतात, तीनशे पानं निम्मेच. जयंत नारळीकरांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही सुरुवातीला उत्तम. मराठी वाचकाला पानिपत समजावून सांगावं लागत नाही. १७६१ साली विश्वासरावांना गोळी लागली हे त्याला माहीत असतं. कथेत ती गोळी चुकते आणि पुढचा सगळा इतिहास वेगळा होतो. कल्पित साहित्य कसं वाचायचं याचा धडा इथे फुकट मिळतो: लेखकाने नेमकी एकच गोष्ट बदलली आहे, आता त्या एका बदलातून काय काय बदललं, आणि काय बदललं नाही?

हाच प्रश्न मी प्रत्येक सत्राच्या सुरुवातीला ठेवायला सांगेन. ‘आवडलं का?’ असं विचारलं की हो-नाही येतं आणि दहा मिनिटांत शांतता पसरते. ‘लेखकाने काय बदललं?’ असं विचारलं की मतभेद लगेच सुरू होतात, कारण दोन वाचकांना तो बदल दोन वेगळ्या जागी दिसतो. दुसरा प्रश्न: या बदलाची किंमत कथेत कोण मोजतं? यंत्र सगळ्यांसाठी येतं, झळ कोणाला लागते? तिसरा: या जगात घरकाम कोण करतं, शेत कोण पिकवतं, पाणी कुठून येतं? हा तिसरा प्रश्न साधा दिसतो, पण लेखकाने जग किती खोलवर उभं केलंय ते त्यातच कळतं. तीन प्रश्न दीड तासाला पुरून उरतात. दहा प्रश्नांची छापील यादी वाटू नका, माणसं परीक्षेला बसल्यासारखी उत्तरं देतात.

सर्वांत मोठी अडचण वेगळीच आहे. गटात एक तरी अभियंता किंवा विज्ञानाचे शिक्षक असतात, आणि चौथ्या मिनिटाला ‘पण हे शक्यच नाही’ सुरू होतं. प्रकाशाचा वेग, ऑक्सिजन, इंधन. त्यांचं म्हणणं बरोबरही असतं, पण बाकीचे दहाजण गप्प होतात आणि पुढच्या महिन्यात येत नाहीत. त्यांना गप्प करणं योग्य नाही. असा जाणकार माणूस गटात असणं ही मिळकत आहे. त्यांना वेळ ठरवून द्या: शेवटची पंधरा मिनिटं विज्ञानाची, आणि ती त्यांनीच चालवायची. एकदा हक्काची जागा मिळाली की मधली टोकाटोकी आपोआप थांबते.

आणखी एक उपाय वर्षातून एकदा जरूर करा. लेखकाचं नाव झाकून कथा वाचायला द्या. मोठं नाव दिसलं की वाचक टीका करायला कचरतो, अनोळखी नाव दिसलं की कथा हलक्याने घेतो. खुद्द नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत ‘कृष्णविवर’ पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावाने. आपल्या नावाचं वजन परीक्षकांवर पडू नये हा हेतू. आद्याक्षरं उलटी करून घेतलेलं ते नाव होतं, आणि कथेला पहिलं बक्षीस मिळालं. नाव झाकायला तपकिरी कागद पुरतो. नाव उघडायचं ते चर्चा संपल्यावर.

जागेबद्दल थोडक्यात. खुर्च्या गोल मांडा, ओळीत नको. ओळीत मांडल्या की भाषण होतं. मधल्या रॅकना चाकं बसवून घ्या, नाहीतर दर महिन्याला पुस्तकं उतरवण्यात तास जातो. सोळापेक्षा जास्त माणसं झाली तर दोन गट करा. रस्त्याकडेच्या दुकानात सात वाजता वाहनांचा गोंगाट वाढतो, म्हणून साडेपाच ते सात ही वेळ बरी. शेवट उघड करण्याबद्दल नियम एकच: पहिला अर्धा तास शेवटाबद्दल बोलायचं नाही, सहा वाजता घंटी, मग मोकळीक. ज्यांचं वाचून झालेलं नाही त्यांनी तोवर चहा घेऊन जावं किंवा खुशाल ऐकावं. मराठी आणि इंग्रजी दोन्ही आवृत्त्या वाचणारे असतील तर पान क्रमांक सांगू नका, प्रकरण सांगा.

वर्षाचं वेळापत्रक सणांभोवती बांधा. गणपतीच्या दिवसांत सत्र ठेवूच नका, ढोलताशात आवाज पोचत नाही. मार्चमध्ये पालक येत नाहीत. जुलैच्या पावसात वीस जणांनी ‘येतो’ म्हटलं तर दहाच्याच खुर्च्या मांडा. आणि दिवाळी अंकांचा उपयोग करून घ्या. मराठी विज्ञानकथेचा मोठा भाग आधी तिथेच छापला जातो, ‘धनंजय’ आणि ‘नवल’सारखे अंक गूढ आणि अद्भुत कथेसाठीच घेतले जातात. नोव्हेंबरचं सत्र अंकांवर ठेवा: प्रत्येकाने एक अंक घ्यायचा, त्यातली एक कथा पाच मिनिटांत सांगायची, बाकीच्यांनी ठरवायचं कोणता अंक विकत घ्यायचा. त्या संध्याकाळी अंकांची विक्री महिन्याच्या इतर कुठल्याही दिवसापेक्षा चांगली होते, फक्त अंक ऑक्टोबरमध्येच मागवून ठेवलेले हवेत.

पुढच्या पुस्तकाच्या प्रती सत्र संपताना टेबलावर असायलाच हव्यात. ‘मंगळवारी येतील’ म्हटलं की निम्मी माणसं मंगळवारी येत नाहीत, ती घरी जाऊन फोनवरून मागवतात.