टिचकी

मार्च सरत आला की रस्त्याकडेला माठवाले बसतात. पेंढ्यावर तांबडे, काळे माठ रचलेले. तोटीचे एकीकडे, साधे एकीकडे. गिऱ्हाईक येतं, एक माठ उचलतं, डाव्या हातावर तोलतं आणि उजव्या हाताची बोटं वाकवून पेरांनी दोन-तीनदा वाजवून पाहतं. मन भरलं नाही तर तो बाजूला ठेवून दुसरा घेतं. माठवाल्याला यात वावगं काही वाटत नाही. उलट तोच म्हणतो, "वाजवून घ्या ताई, मागनं तक्रार नको." नारळ, कलिंगड आणि माठ न वाजवता घेणारा माणूस एकतर नवखा असतो, नाहीतर फार श्रीमंत.

हीच माणसं माझ्या प्रदर्शनात आली की हात पाठीमागे बांधून फिरतात. मी स्टोनवेअरची, म्हणजे खूप तापवून दगडासारखी घट्ट भाजलेली भांडी करते. कप, वाडगे, बरण्या, कधी एखादी मोठी परात. म्हणजे सगळा स्वयंपाकघरातला ऐवज. पण गॅलरीत पांढऱ्या चौथऱ्यावर, वरून दिव्याचा झोत सोडून चहाचा कप ठेवला की त्याचा देव होतो. लोक दोन फुटांवरून त्याच्याकडे बघतात, मान तिरकी करतात, खाली चिकटवलेली किंमत वाचतात आणि मान सरळ करतात. एखाद्या पोराने हात पुढे केलाच तर आई दबक्या आवाजात ओरडते, "लांबून बघ!" मी म्हणते, "असू दे हो, उचलू दे." तर तिला वाटतं, मी उपचार म्हणून म्हणतेय. आपण नाही का, पाहुण्यांच्या पोराने शोकेसमधली बाहुली ओढली की "असू दे, लहान आहे" म्हणतो, तसं.

पण मला खरंच तो उचलायला हवा असतो. कप डोळ्यांना कळतच नाही. रंग कळतो, आकार कळतो, आणि या दोन्ही गोष्टी फोटोतही कळतात. तो दिसतो तेवढाच जड आहे की फसवा आहे, त्याची कड ओठाला कशी लागेल, कानात बोट शिरल्यावर मधलं पेर गरम भिंतीला टेकतं का, बुडाला ग्लेझ, म्हणजे वरचा काचेसारखा लेप, नसलेली जी खरखरीत कडी असते ती टेबलावर ओरखडा काढेल का, हे सगळं हाताचं काम आहे. आणि तो धड आहे की नाही, हे कानाचं.

टिचकीमागचं शास्त्र साधं आहे. भांडं सलग असेल तर टिचकीचा कंप अंगभर फिरतो आणि आवाज जरा वेळ टिकतो. कुठे केसाएवढी भेग असेल तर तिच्या दोन कडा एकमेकींवर घासतात, कंप तिथेच जिरतो आणि भांडं बद्द वाजतं. भेग डोळ्यांना दिसायच्या आधी कानाला कळते. भाजणी किती झालीय तेही कळतं. कुंभाराच्या आव्यात माती साधारण 700 ते 900 अंशांपर्यंत तापते; ती पक्की होते, पण सच्छिद्र राहते. माझी भांडी 1250 अंशांच्या आसपास जातात. तिथे मातीतले काही घटक वितळून काचेसारखे होतात, भोकं बुजतात आणि वाजवल्यावर स्वच्छ 'टिंग' येतं.

या 'टिंग'चं मला अप्रूप आहे, पण त्याची किंमत मोजावी लागते. प्रत्येक प्रदर्शनात कुणीतरी काका माझ्या सुरईपाशी थांबून विचारतातच, "यात पाणी गार होतं का?" नाही होत, काका. माठाच्या अंगातून पाणी झिरपतं, बाहेर येऊन उडून जातं आणि जाताना आतल्या पाण्यातली उष्णता घेऊन जातं. माझ्या सुरईतून काही झिरपत नाही, म्हणून काही गारही होत नाही. काका सहानुभूतीने मान हलवतात. एवढ्या पैशांत पाणीसुद्धा गार होत नाही म्हटल्यावर त्यांना माझी कीव येते, आणि त्यांच्या बाजूने विचार केला तर ते बरोबरच आहे.

टिचकीचा विषय निघाला की गोरोबाकाकांना टाळून पुढे जाता येत नाही. तेरच्या त्या बैठकीत मुक्ताबाई विचारते, काका, हे काय? काका म्हणतात, थापटणं. मडकं पक्कं की कच्चं हे याने कळतं. मग आमची मडकी बघा की, असं म्हटल्यावर काका एकेका संताच्या डोक्यावर थापटणं मारत जातात. बाकीचे गप्प बसतात, नामदेव चिडतात आणि कच्चे ठरतात. गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. तिचा आध्यात्मिक अर्थ सांगणारे पुष्कळ आहेत, त्यात मी भर घालत नाही. मला धंद्याच्या अंगाने दोन शंका आहेत. एक म्हणजे, थापटणं हे ओल्या मडक्याचं हत्यार. आतून गोलसर दगडाचा आधार द्यायचा आणि बाहेरून थापटून अंग पातळ करत, फुगवत न्यायचं. सुकलेल्या कच्च्या मडक्यावर ते जरा जोरात बसलं तर परीक्षेसाठी मडकंच उरत नाही. तेव्हा काकांचा हात फार हलका असणार. दुसरी शंका अशी की कच्चं मडकं वाजत नाही, पक्कं वाजतं. इथे मात्र जे वाजलं नेमकं तेच कच्चं ठरलं.

असो. माझी टिचकी भाजण्याच्या बरीच आधी सुरू होते. चाकावरून उतरवलेला कप दुसऱ्या दिवशी 'लेदर-हार्ड' होतो, म्हणजे धरला तर दबत नाही पण नखाने कोरला जातो. मग तो चाकावर पालथा ठेवायचा, चार बाजूंनी मातीच्या गोळ्या दाबून घट्ट करायचा आणि बूड तासायला घ्यायचं. मातीच्या लांब सालपट्या सुटत जातात. आत किती माती उरली ते दिसत नाही, म्हणून मधून मधून चाक थांबवून बुडावर मधल्या बोटाने वाजवायचं. आधी 'ढप' येतं. आणखी तासलं की आवाज थोडा वर चढतो, पोकळ होतो. बोट ठेवून हलकं दाबलं तर बूड किंचित लवतं. तिथे थांबायचं. आणखी एकदा, आणखी जरासं, असा मोह झाला की हत्यार आरपार जातं आणि कपाचं नरसाळं होतं.

हे मला ज्यांनी शिकवलं ते पाँडिचेरीच्या गोल्डन ब्रिज पॉटरीत शिकलेले. रे मीकर आणि डेबोरा स्मिथ या अमेरिकन जोडप्याने 1971 साली ती सुरू केली. आज भारतात स्टोनवेअर करणाऱ्या निम्म्याशिम्म्या लोकांची गुरुपरंपरा खणली तर कुठे ना कुठे पाँडिचेरी लागते, असं मला वाटतं. दुसरा धागा दिल्लीत, जपानमध्ये जाऊन शिकून आलेल्या सरदार गुरचरण सिंगांपाशी निघतो. आमच्या सरांची रीत अशी की चाकावर झकास कप झाला, आपण खुशीत मान वर केली, की ते तार घेऊन यायचे आणि कप वरून खाली उभा कापायचे. दोन फाका. मग कापलेली कड दाखवायचे. वर पाच मिलिमीटर, खाली चांगली बोटभर. "एवढी माती खाली कुणासाठी ठेवलीयस?" कापलेला कप लपवाछपवी करू शकत नाही. आमच्या बॅचमध्ये या तारेला सगळे मनातल्या मनात शिव्या द्यायचे. आता मी शिकवते तेव्हा माझ्याही हातात तीच तार असते.

माती आक्रसते हेही नव्या माणसाच्या लक्षात राहत नाही. आमची माती ओलीपासून पक्की होईपर्यंत सुमारे 12 टक्के लहान होते. 10 सेंटिमीटर उंचीचा कप हवा असेल तर चाकावर तो साडेअकराच्या घरात ओढावा लागतो. ओल्या कपांची फळी बघितली तर कुणा राक्षसाकडे चहापाणी आहे असं वाटतं. कानाचा हिशेब तर फारच चुकतो. ओल्यात दोन बोटं आरामात जातात, भाजल्यावर दीड बोट. प्रदर्शनात एखादे धिप्पाड गृहस्थ कपाच्या कानात बोट घालून परत काढताना दिसले की मी पटकन दुसरीकडे बघते.

भट्टी दोनदा लागते. पहिल्या, बिस्कच्या म्हणजे ग्लेझ लावण्याआधीच्या भाजणीत 1000 अंशांपर्यंत. मग ग्लेझमध्ये बुडवून दुसरी, पूर्ण चढाची. वाटेत 573 अंशांवर मातीतल्या गारेचे, म्हणजे क्वार्ट्झचे स्फटिक आपली रचना बदलतात आणि एकदम फुगतात. उतरताना त्याच ठिकाणी पुन्हा आकुंचन पावतात. तिथे घाई केली तर भांडं तडकतं, म्हणून चढतानाही हळू आणि उतरतानाही हळू. भट्टी शंभराच्या खाली आल्याशिवाय दार उघडू नये असा नियम आहे. तो सगळे सांगतात. पाळतात किती, ते विचारू नये.

दार उघडलं की पहिल्यांदा आवाजच येतो. कोमट भांडी बाहेरच्या हवेला लागली की कुठूनतरी 'टिण्' होतं. मग दुसरीकडून. मग चार-पाच एकदम. नवख्या माणसाला हे संगीत वाटतं आणि तो मोबाइल काढून रेकॉर्ड करू लागतो. ग्लेझ आतल्या मातीपेक्षा जास्त आक्रसलं की त्यावर ताण येतो आणि बारीक जाळी फुटत जाते. तिचा हा आवाज. त्याला क्रेझिंग म्हणतात. चीनमध्ये सोंग राजघराण्याच्या काळापासून अशी जाळी मुद्दाम आणतात आणि तिच्यासाठी जीव टाकतात. फुलदाणीवर मलाही ती आवडते. पण चहाच्या कपात ती नको. चहा त्या रेघांत शिरतो आणि कप कितीही घासला तरी आजारी दिसतो. त्यामुळे कपांच्या फळीतून 'टिण्' आलं की मी खडू घेऊन उभी राहते आणि दोषी कप शोधत बसते.

मडकी वाजवून पाहण्याचा हा नाद आपल्याकडे किती जुना आहे याचा एक पुरावा मला फार आवडतो. संगमनेर तालुक्यात प्रवरेकाठी जोर्वे गाव आहे. 1950-51 मध्ये ह. धी. सांकलिया आणि शां. भा. देव यांनी तिथे उत्खनन केलं आणि तिथल्या खापरांवरून एका अख्ख्या संस्कृतीला जोर्वे हे नाव पडलं. साधारण इसवी सनापूर्वी 1400 ते 700 चा काळ. लाल अंगावर काळ्या रेषांची नक्षी, कंगोरा असलेले वाडगे, लांब तोटीची भांडी. या खापरांच्या वर्णनात एक वैशिष्ट्य हटकून येतं : वाजवल्यावर धातूसारखा खणखणीत नाद. म्हणजे ज्यांनी हे पहिल्यांदा नोंदवलं त्या विद्वानांनी तीन हजार वर्षांपूर्वीच्या वाडग्यावर टिचकी मारली होती! आज तेच वाडगे काचेमागे असतात आणि आपण पाटी वाचून त्या नादावर विश्वास ठेवायचा.

भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयातही तसंच. 1870 च्या दशकात जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये जॉर्ज टेरी यांच्या देखरेखीखाली मातीकाम सुरू झालं, अजिंठ्याच्या चित्रांतले आकार भांड्यांवर उतरले, काही लंडनपर्यंत गेली. सुंदरच आहेत. पण ती पाहताना मला नेहमी वाटतं की ही जन्मापासून काचेसाठीच केलेली आहेत; त्यांच्यातून कुणी कधी पाणी प्यायलं असेल असं वाटत नाही. 2018 मध्ये जयपूरच्या जवाहर कला केंद्रात सिरॅमिक्सचं पहिलं ट्रायनाले, म्हणजे दर तीन वर्षांनी भरवायचं मोठं प्रदर्शन, झालं तेव्हापासून तर माती आणखी मोठी झालीय, खोली खोली व्यापू लागलीय. त्याचा मला आनंदच आहे. फक्त तिथून आले की कपात चहा ओतून घ्यावासा वाटतो.

माझ्या प्रदर्शनातले खरे दर्दी गिऱ्हाईक म्हणजे साठीच्या पुढच्या बायका. त्यांना चौथरा, झोत, काही अडवत नाही. पर्स खांद्यावर सरकवून त्या सरळ बरणी उचलतात, पालथी करून बूड बघतात, झाकण फिरवून बघतात, आत नाक घालतात आणि शेवटी नखाने टिचकी मारतात. "लोणचं राहील ना गं? मीठ खातं चिनी माती कधी कधी." मग कपांकडे वळतात आणि तिथे आमचं बिनसतं. "असे सहा दे. पण सगळे सारखे हवेत हं, हा जरा बुटका वाटतोय." हातावर केलेले सहा कप सख्ख्या भावंडांसारखे असतात, जुळे नसतात, हे मी समजावते. त्या ऐकून घेतात. मग सहाही कप रांगेत लावतात, एकेकाला टिचकी मारतात आणि म्हणतात, "आवाज पण वेगवेगळा आहे की प्रत्येकाचा." घेतात मात्र सहाच. पाच कपांवर आपल्याकडे संसार होत नाही.

पुढच्या प्रदर्शनासाठी गॅलरीचा फोन येऊन गेला. त्यांचं म्हणणं, प्रत्येक चौथऱ्यावर 'हात लावू नये' अशी पाटी हवी, नाहीतर फुटण्याची जबाबदारी माझी. मी म्हटलं, जबाबदारी माझी. पलीकडे जरा शांतता. मग मीच सुचवलं की दाराशी एक वाडगा ठेवू या, फक्त वाजवून बघायला, म्हणजे लोकांची भीड चेपेल. ते तयार झाले, पण यादीत त्याची किंमत काय लिहायची ते विचारलं. विकायचा नाही म्हटलं, तर म्हणाले, मग त्यावर लाल टिकली लावावी लागेल, नाहीतर लोक विचारत राहतात. आता लाल टिकली म्हणजे विकला गेला. आणि दुसऱ्याने घेतलेल्या भांड्याला तर आपली माणसं मुळीच हात लावायची नाहीत.